कोराउरच्या गाडीत भेटलेल्या काकूंना अनावृत पत्र

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका शनिवारी सकाळी, स्कॉटलंडमध्ये ग्लासगोहून मॅलेगला जाणाऱ्या गाडीत आपल्यासमोर बसलेल्या दोन मुलींपैकी मी एक. आदल्या रात्री जेवताना माझ्या मैत्रिणीने 'उद्या हायलँड्समध्ये, डोंगरात जाऊ या का?' असे विचारले, कोराउर स्टेशनजवळच्या लॉख ऑसियन या तळ्याच्या काठावरच्या हॉस्टेलमध्ये दोन खाटा मिळाल्या, आणि एवढ्यावरच आम्ही निघालो. आमचे मराठी बोलणे कानावर पडताच आपण आपुलकीने चौकशी केलीत. नाव विचारले तर 'काकू म्हणा, पुरे' असे म्हणून आधी आमची तिकिटे पाहिलीत, कारण क्रिअनलॅरिखला गाडीचे दोन भाग होतात आणि एक भाग ओबनकडे जातो. आम्ही योग्य डब्यात आहोत याची खात्री झाल्यावरच आपण पिशवीतून नकाशा काढलात.

तो नकाशा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या, कडा मऊ पडलेल्या त्या कागदावर आपण पेन्सिलीचे टोक ठेवून समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) कुठे दाटतात आणि कुठे विरळ होतात ते दाखवलेत. कोराउर स्टेशनच मुळी 408 मीटर उंचीवर आहे आणि आम्ही चढणार होतो त्या बेन ना लाप डोंगराचा माथा सुमारे 935 मीटरवर. म्हणजे चढ जेमतेम सव्वापाचशे मीटरचा, आणि स्टेशनपासून जाऊन-येऊन अंतर साधारण 10 किलोमीटर. मग स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 साली मांडलेला चालण्याच्या वेळेचा हिशेब आपण समजावलात: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक. त्याप्रमाणे तीन तास होत होते. आपण आमच्या बुटांकडे एकदा पाहिलेत आणि ते पाच केलेत. नकाशाच्या समासात लिहिलेत, 'दुपारी अडीच. जिथे असाल तिथून परत.'

त्या एका ओळीबद्दल आपले आभार मानण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. बाकीच्या सूचनाही मोलाच्या होत्याच: हॉस्टेलच्या व्यवस्थापकांना वाट आणि परतीची वेळ सांगून निघा, फोनच्या भरवशावर राहू नका, तिथे रेंज मिळेलच असे नाही, जिवावर बेतले तर रेंज मिळेल तिथून 999 ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा, पण ती माणसे स्वतःची कामे टाकून विनामोबदला येतात हे लक्षात असू द्या. मात्र 'जाऊ नका' असे आपण एकदाही म्हणाला नाहीत, आणि भीतीही घातली नाहीत. अनुभवी माणसांकडून असा सल्ला क्वचितच मिळतो, असे मला मनापासून वाटते.

रॅनोखच्या दलदलीवरून गाडी जाताना, 1894 मध्ये सुरू झालेला हा लोहमार्ग झाडांच्या मुळ्या, काटक्या, माती आणि राख यांच्या थरांवर अक्षरशः तरंगता ठेवला आहे, असे आपण सांगितलेत आणि आम्ही दोघी खिडकीला नाक लावून बसलो. कोराउरच्या आधीच्या रॅनोख स्टेशनवर उतरताना आपण तो नकाशा आणि आपले जादा होकायंत्र माझ्या हातात ठेवलेत. नको म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

पुढचे आपल्याला कळायलाच हवे. चढ ओलसर होता, पण अवघड नव्हता. रुंद धारेवर पोहोचलो तेव्हा मागे तळे लख्ख दिसत होते. थोड्याच वेळात पश्चिमेकडून ढग उतरले आणि दहा पावलांपुढचे काही दिसेना. माथा फार दूर नसावा. थोडे थांबू, ढग निघून जातील, असे मैत्रिणीला वाटत होते, आणि अशा वेळी आम्ही दोघी किती वेळ वाद घालू शकतो हे आमचे आम्हाला ठाऊक आहे. तिने घड्याळ पाहिले, मी समासातली ओळ पाहिली. अडीच वाजून गेले होते. वाद झालाच नाही, कारण निर्णय सकाळीच, उबदार डब्यात, शांत डोक्याने होऊन गेला होता आणि त्यात कोणा एकीची हार नव्हती. 'वाट सुटली तर दक्षिण धरा, उतार तळ्याकाठच्या रस्त्यावरच आणून सोडेल' असे आपण म्हणाला होतात. होकायंत्र हातात धरून, गवताच्या झुपक्यांवरून तोल सावरत आम्ही तसेच उतरलो, आणि ढगाच्या खाली येताच तळ्याचे पाणी समोर दिसले.

त्या संध्याकाळी हॉस्टेलच्या दाराशी हरणे आली होती. आम्ही सूप पीत पायरीवर बसलो होतो आणि माथा राहिल्याची खंत दोघींनाही नव्हती. अचानक ठरवून निघण्यातला आनंद आपण जराही कमी केला नाहीत, आमची मैत्रीही त्या डोंगरावर पणाला लागू दिली नाहीत. याबद्दल आम्ही आपल्या ऋणी आहोत.

मैत्रिणीने आता स्वतःचा नकाशा आणि होकायंत्र घेतले आहे, त्यामुळे आपल्या दोन्ही वस्तू परत करायच्या आहेत. हे पत्र आपल्या किंवा आपल्या परिचितांच्या वाचनात आले तर कृपया कळवावे. पोस्टाने पाठवता येतीलच. पण आपली हरकत नसेल तर आम्ही दोघी स्वतः येऊन आपल्या हाती देऊ, आणि आपल्याला सवड असेल तर बेन ना लापचा राहिलेला तुकडा आपल्यासोबत चढायला आम्हाला फार आवडेल.

आपल्या नम्र,
कोराउरला उतरलेल्या दोघी