प्लेअर घेताना गाण्यांचा आकडा नका बघू, बटणं आणि बॅटरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत लेख होता की आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे म्हटल्यावर गाण्यांसाठी वेगळा प्लेअर कोण घेतंय, तो जमाना गेला वगैरे. माझं मिरजेत छोटं रिपेअरिंगचं दुकान आहे, रेडिओ, स्पीकर, प्लेअर असलं सगळं येतं, आणि माझ्या टेबलावर तरी तो जमाना काय गेलेला दिसत नाही बघा. कंपन्यांच्या बाजूनं बघितलं तर लेखकाचं अर्धं खरं आहे, १९७९ ला सोनीनं वॉकमन काढला, २००१ ला ॲपलनं आयपॉड आणला आणि मे २०२२ मध्ये तो बंद पण करून टाकला. पण वॉकमन नावाचे प्लेअर सोनी अजून विकते, चायनाचे बटणवाले छोटे प्लेअर ढिगानं मिळतात, आणि जुनी गाणी आधीच भरून येणारे ते रेडिओसारखे डबे, ते तर किती घरांत आहेत.

घेतंय कोण म्हणाल तर तासगावकडं द्राक्षबागेत काम करणारी पोरं घेतात, कारण दिवसभर फोनवर गाणी लावली की संध्याकाळी घरी फोन लावायला चार्जिंग राहत नाही, आणि औषधाच्या हातानं महागाचा फोन कोण खिशातनं काढणार. म्हाताऱ्या माणसांसाठी घेतात, त्यांच्या सुरकुतलेल्या कोरड्या बोटाला टचस्क्रीन दादच देत नाही. आणि आमच्या मिरजेत गाणं शिकणारी मुलं घेतात. इथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते तुमच्याच पेपरात वाचलं असेल सगळ्यांनी, पण खरा तानपुरा काय प्रत्येकाच्या खोलीवर नसतो, मग रेकॉर्ड केलेला तानपुरा लावून रियाज चालतो, आणि फोनवर लावला की बरोबर षड्ज लागला की लोनवाल्या बाईचा कॉल येतो.

तर घेताना काय बघायचं. दुकानात माणूस पहिलं विचारतो गाणी किती बसतात, आणि दुकानदार पण तेवढंच सांगतो. साहेब, हा आकडा सगळ्यात बिनकामाचा आहे. साधी १२८ केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट माहितीची) एमपीथ्री एका मिनिटाला साधारण एक एमबी घेते. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात साडेपाचशे तासांच्या आसपास गाणं बसतं, रोज चार तास ऐकलं तरी चार महिने पहिलं गाणं परत येणार नाही. ३२० ची चांगली फाइल घेतली तर मिनिटाला अडीच एमबीच्या जवळ, तरी पण दोनशेच्या वर तास निघतात. आणि स्वस्तातले बरेच प्लेअर ३२ जीबीच्या वरचं कार्ड ओळखतच नाहीत, कारण त्याच्या वरची कार्डं वेगळ्या फॉरमॅटची येतात, एक्सफॅटची, आणि ह्यांना फॅट३२ च कळतं. गिऱ्हाईक म्हणतं प्लेअर खराब आहे, प्लेअर चांगला असतो बिचारा.

त्यातून ऑनलाइन शेदोनशे रुपयांत एक टेराबाइट म्हणून कार्ड मिळतं ना, ते घेऊच नका. आत खरी जागा आठ नाहीतर सोळा जीबीची असते आणि कार्डाच्या चिपलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं, कॉम्प्युटरला जागा दिसते, गाणी कॉपी पण होतात, पण खऱ्या जागेच्या पलीकडं जे गेलं ते गेलंच. एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) म्हणून फुकटचा प्रोग्रॅम आहे, तो कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतो, नवीन कार्डावर एकदा तो चालवायचा, वेळ लागतो पण खरं-खोटं कळतं.

बटणं. प्लेअर हातात घ्यायचा, डोळे मिटायचे, आणि आवाज कमी-जास्त आणि थांबव-चालू हे दोन्ही करता येतंय का बघायचं. नाही आलं तर ठेवून द्यायचा, किती का भारी असेना. आईसाठी घेणार असाल तर आईला दुकानात घेऊन जा, लई जण हे करत नाहीत आणि मग वस्तू कपाटात. दुसरं दुकानातच विचारायचं ते रेझ्युमचं, म्हणजे बंद केलं तिथनंच परत सुरू होतं का ते. दीड तासाचं कीर्तन अर्ध्यावर बंद केलं आणि परत चालू केल्यावर ते नमनापासून सुरू झालं तर त्या आजी तो प्लेअर आठ दिवसांत सोडून देतात. स्वस्तातल्या कितीतरी प्लेअरात हे नसतंच, आणि डब्यावर लिहिलेलं पण नसतं, चालवूनच बघावं लागतं.

अजून एक म्हणजे देवनागरीत नाव दिलेली फाइल, तिथं स्वस्तातल्या बऱ्याच प्लेअरात नुसते चौकोन दिसतात. म्हणून नावाच्या आधी आकडे टाका, पण ०१, ०२ असे, नुसतं १, २ टाकलं तर बरेच प्लेअर १ नंतर १० वाजवतात. आणि काही तर नाव बघतच नाहीत, कार्डात ज्या क्रमानं फाइल पडली त्याच क्रमानं वाजवतात, त्यामुळं सगळ्या एकदम न टाकता क्रमानं टाकायच्या. हरिपाठ उलटासुलटा लागतो म्हणून प्लेअर रिपेअरीला येतो माझ्याकडं, काय रिपेअर करणार त्यात.

गाणं शिकणाऱ्यांसाठी एक खास, कारण हे कोणी सांगत नाही. तानपुऱ्याची छोटी एमपीथ्री रिपीटवर टाकली की प्रत्येक फेऱ्याला मध्ये बारीकसा खड्डा ऐकू येतो. त्यात प्लेअरचा दोष थोडा आणि एमपीथ्रीचा जास्त, ती बनवतानाच फाइलच्या पुढं-मागं थोडी शांतता चिकटते. तानपुरा वेव्ह नाहीतर फ्लॅकमध्ये घ्या (ह्या प्रकारच्या फाइलीत आवाजातलं काही कापलं जात नाही) आणि गॅपलेस, म्हणजे मध्ये खंड न पाडता वाजवणारा प्लेअर घ्या, ते महाग वाटलं तर सरळ तासाभराची एकच मोठी फाइल करा. पण जुन्या तबकडीवरचं गाणं फ्लॅकमध्ये भरलं म्हणून गोड होत नाही, खरखर तीच राहते, फक्त जास्त जागा खाते. १२८ ची फाइल फ्लॅक करून तर काहीच मिळत नाही, गेलेलं परत येत नसतं. हाय-रेस (जास्त बारकाव्याचा आवाज) लिहिलेल्या प्लेअरवर दहा हजार घालून शंभर रुपयांचा इयरफोन लावणारे बघितलेत मी, त्यापेक्षा उलटं करा.

बॅटरीचं नीट ऐका, कारण प्लेअर मरतो तो बहुतेक बॅटरीनंच. हातानं निघणारी बॅटरी असलेला मिळाला तर तोच घ्या, बऱ्याच स्पीकर-रेडिओत जुन्या नोकियाची ती बीएल-५सी बसते, कुठंही मिळते, पाच मिनिटांचं काम. सीलबंद असेल तर आतली पाऊच बॅटरी त्याच मापाची शोधत बसावं लागतं. बॅटरीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का, आयएस १६०४६ आणि आर- नं सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. लिथियमला गर्मी चालत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात इथं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला प्लेअर दोन उन्हाळ्यांत निम्म्यावर येतो, फुगतो पण. उशीखाली ठेवून चार्जिंग नको. दोन-तीन महिने वापरणार नसाल तर निम्मी चार्ज करून ठेवा, पूर्ण उतरवून ठेवली की कितीदा ती परत उठतच नाही.

चार्जिंगवरनं आठवलं, हल्ली टाइप-सीचे नवेकोरे प्लेअर ‘मेला’ म्हणून येतात आणि मी काही न करता चालू करून देतो. स्वस्त प्लेअर बनवणारे पैसे वाचवायला आतले दोन बारीक रेझिस्टर टाकत नाहीत, मग फोनच्या नव्या चार्जरची दोन्हीकडं सी असलेली केबल लावली की चार्जर करंटच सोडत नाही. जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरला ए टू सी केबल लावा, होतोय का बघा, आणि मगच दुकानात या. माझं गिऱ्हाईक कमी होईल पण असू दे.

साफसफाईचं आपल्याकडचं वेगळंच आहे. शर्टाच्या एकाच खिशात तंबाखूची पुडी आणि प्लेअर, मग इयरफोनच्या भोकातनं तंबाखूच निघते! टूथपिकनं हळू काढायची, टाचणी घालायची नाही, आतली पिन वाकते. मार्केट यार्डात हळदीत काम करणाऱ्यांच्या स्पीकरच्या जाळीत पिवळी पूड बसते, ती कोरड्या ब्रशनं झाडायची, तोंडानं फुंकायची नाही, थुंकीची वाफ आत जाते. आणि सगळ्यात वाईट बोर्डो, म्हणजे बागेवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं औषध. त्यातल्या मोरचुदानं पिना हिरव्या पडतात आणि एकदा हिरवट थर चढला की सोल्डर पण धरत नाही. फवारणीला जाताना प्लेअर झिपलॉकच्या पिशवीत ठेवा, पिशवीवरनं बटणं दाबता येतात, बटणंवाला घ्या म्हणतो ते त्यासाठी पण.

पाण्यात पडला तर चालू होतोय का बघायला बटण दाबू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका, बॅटरी निघत असेल तर काढा आणि तसाच आणून द्या. तांदळाच्या डब्यात ठेवायचं कोणी काढलं माहीत नाही, तांदूळ काही आतलं पाणी ओढून काढत नाही नि त्याची पूड मात्र पोर्टात जाते. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीत सगळ्यांनी बघितलंय की पाणी वाळतं, गाळ राहतो, आणि गंज त्या गाळानं चढतो. तो आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लिक्विडनं धुवूनच काढावा लागतो.

कानाचं पण लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे, मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० ला फक्त ४ तास, आणि १०० ला २० मिनिटं. ट्रॅक्टरच्या आवाजावर मात करायला आवाज फुल करणारा पोरगा आठवड्याचा कोटा सकाळच्या चहापर्यंत संपवतो. कानात घट्ट बसणारे रबरी बोंडाचे इयरफोन घेतले की बाहेरचा आवाज अडतो आणि कमी आवाजात भागतं, पण ते रस्त्यावर गाडी चालवताना नाही.

शेवटी कार्डाबद्दल, कारण ह्यात रडारड होते. वारलेल्या वडिलांच्या भजनाचं रेकॉर्डिंग एकाच कार्डावर, आणि कार्ड न सांगता गेलं, अशी माणसं येतात माझ्याकडं, आणि बहुतेक वेळा मला हात जोडावे लागतात. गाणी परत भरून मिळतील, हे नाही मिळणार. आजच एक कॉपी पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवा.

कळावे,
तुमचा एक वाचक, मिरज

ता.क. फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, दाबली गेली की पेट घेते. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि रिपेअरवाल्याकडं नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. महापालिकेनं वॉर्डावॉर्डात अशा बॅटऱ्यांसाठी एक पत्र्याची पेटी ठेवली तर बरं होईल, तेवढी एक ओळ जमली तर ठळक छापा.