कोर्टाची पायरी आणि जपानी ‘स्वभाव’

संपादक महाशय,

आपल्या रविवार पुरवणीतील जपानवरचा लेख वाचला. जपानी माणूस मुळातच समंजस, म्हणून तो कोर्टात जात नाही आणि आपण मात्र भांडकुदळ, असा त्याचा सूर. हा समज जुना आहे. ताकेयोशी कावाशिमा या जपानी कायदेपंडितानेच तो १९६०च्या दशकात मांडला होता. १९७८मध्ये जॉन हेली या अमेरिकी अभ्यासकाने त्याला सरळ ‘मिथक’ म्हटले. न्यायाधीश मोजके, विलंब फार, मग लोक जातील कशाला, असा त्यांचा सवाल. वकिलांची संख्या तर सरकारनेच आवळून धरली होती. कित्येक वर्षे परीक्षेत दरसाल जेमतेम ५०० जण उत्तीर्ण होत. यात स्वभाव कुठे आला?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण तर आपली! तेवढ्यावरून कुणी परदेशी विद्वान ‘मराठी माणूस कोर्टाला बिचकतो’ असे लिहून बसला, तर त्याला सोमवारी सकाळी कुठल्याही तालुका कोर्टाच्या आवारात आणून उभे करावे.

मी तीस वर्षे मोटार अपघाताचे क्लेम चालवले, म्हणून मार्क रॅमसायर आणि मिनोरू नाकाझातो यांचा १९८९चा अभ्यास मला विशेष पटतो. जपानमध्ये अपघाती मृत्यूची भरपाई कोर्ट किती देईल याचा अंदाज आधीच बांधता येतो. म्हणून वारस आणि विमा कंपनी त्याच्याच आसपासच्या रकमेवर बाहेर मिटवून टाकतात. म्हणजे तडजोड होते तीही कायद्याचा आकडा समोर ठेवूनच.

आकडे आपल्याकडेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी वयानुसार गुणकापासून (मयताच्या वार्षिक उत्पन्नाला ज्या आकड्याने गुणून भरपाई काढतात तो) भविष्यातील उत्पन्नवाढीपर्यंत बरेच काही बांधून दिले. तरी माझ्या एका क्लेममध्ये, मयत चौतीस वर्षांचा, गुणक सोळा हे सगळ्यांना ठाऊक असताना, विमा कंपनीने केवळ उत्पन्नाच्या दाखल्यावरून सहा वर्षे तारखा घेतल्या. मयताची आई त्या काळात वारली. भांडकुदळ कोण होते, ते लेखकाने ठरवावे.

जपानही होता तिथेच थांबलेला नाही. १९९०च्या दशकात तिथे दिवाणी दावे वाढले आणि त्यामागे वकिलांची वाढती संख्या व कार्यपद्धतीतील सुधारणा होत्या, असे टॉम गिन्सबर्ग आणि ग्लेन होएटकर यांनी २००६मध्ये मांडले. अलीकडे सेलेस्ट ॲरिंग्टन यांनी जपान आणि दक्षिण कोरियातील धूम्रपानबंदी व अपंगांच्या हक्कांचा अभ्यास केला आहे. पूर्वी जे शिष्टाचारावर सोडले जाई, तिथे नेमके आणि बंधनकारक नियम यावेत म्हणून कार्यकर्ते आणि वकील कसे झटले, हे त्यात दिसते.

लेखकाने पुढच्या वेळी जपानी स्वभाव बाजूला ठेवून, तिथल्या विमा कंपन्या किती दिवसांत पैसे देतात तेवढे लिहावे. माझे जुने अशील तो अंक विकत घेऊन वाचतील.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा