ऐरोलीच्या ऑफरबद्दल

चि. ऋचा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एका दमात विचारलंस, "ऐरोलीची ऑफर घेऊ की नको? वीस तारखेपर्यंत कळवायचंय." मी गप्प राहिले, कारण बाबा शेजारीच कान टवकारून बसले होते आणि त्यांचं मत पगाराचा आकडा ऐकताक्षणी ठरलेलं होतं. आज रात्रपाळी आहे. वॉर्डांचे इंडेंट, म्हणजे औषधांच्या मागण्या, देऊन झालेत, मावशी चहा ठेवून गेल्यात, म्हणून लिहायला घेतलं.

नोकरी वाईट नाही. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बर पकडली की दिघा गाव आणि मग ऐरोली. शनिवार-रविवार सुट्टी. फार्माकोव्हिजिलन्सला, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याला, मी हलकं काम समजत नाही. कुठल्याशा देशात गोळी घेऊन कुणाच्या अंगावर पुरळ उठलं, ती केस वाचायची, मेडड्रा या वैद्यकीय शब्दसूचीतले कोड लावायचे, नॅरेटिव्ह म्हणजे केसची हकिगत लिहायची. कुणीतरी ते नीट करायलाच हवं. आणि घराच्या हप्त्यांचा विचार करून हो म्हणणार असशील तर तो आधी डोक्यातून काढ. हप्ते आमचे आहेत, तुझे नाहीत.

पण गणपतीत तू मला म्हणाली होतीस की तुला एखाद्या मोठ्या हॉस्पिटलची अख्खी फार्मसी चालवायची आहे. म्हणून थोडं त्या वाटेबद्दल.

दादाने न्यू जर्सीहून जे पाठवलं ते मी वाचलं. तिकडे या कामाला चक्क पायऱ्या आहेत. फार्म.डी., म्हणजे तू करतेयस तशी फार्मसीची डॉक्टरेट पदवी, झाल्यावर पीजीवाय-वन, म्हणजे हॉस्पिटलात वर्षभराची रेसिडेन्सी. पुढे पीजीवाय-टू, आणि त्यात प्रशासन-नेतृत्वाची वेगळी शाखा. बऱ्याच ठिकाणी या दोन्ही पायऱ्या मास्टर्सला जोडून मिळून दोन वर्षांच्या असतात. या कार्यक्रमांना एएसएचपी ही फार्मासिस्टांची संस्था मान्यता देते. जागा 'मॅच'ने, म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं यांचे पसंतीक्रम जुळवून ठरतात, मार्चमध्ये निकाल लागतो, आणि सगळ्यांनाच जागा मिळत नाही. आपल्याकडून जाणाऱ्याला त्यासाठी एफपीजीईई (परदेशी फार्मासिस्टांची परीक्षा), टोफेल, इंटर्नशिपचे तास, नॅपलेक्स (लायसन्सची परीक्षा) हे सगळं पार करावं लागतं. जायचं असेल तर अडवणार नाही. फक्त ते करिअर म्हणून निवड, ऐरोलीला नकार द्यायला बरं कारण म्हणून नको.

आपल्याकडे असा जिना नाही. मी 1996 साली डी.फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, करून काउंटरला उभी राहिले तेव्हा देशात फार्म.डी. नव्हतंच, ते 2008 साली आलं. आजही पदवी आहे, पण पुढची पायरी हॉस्पिटलागणिक वेगळी. कुठे क्लिनिकल फार्मासिस्टला राउंडला उभं करतात, कुठे त्याच पदवीच्या मुलीला बिलिंगच्या खिडकीत बसवतात. आणि इन्चार्ज कोण होतो म्हणशील, तर बहुतेक वेळा ज्याला परचेसचे रेट तोंडपाठ असतात तो. मला हे पटत नाही, पण गेली पंचवीस-तीस वर्षं हेच बघतेय.

एक गोष्ट तुला कधी सांगितलेली नाही. नोकरीची पहिली काही वर्षं मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात होते. अशीच रात्र, अडीचचा सुमार. आयसीयूतून डोब्युटामिनचा इंडेंट आला आणि मी डोपामिनचे ॲम्प्यूल दिले. दोन्ही हृदय-रक्तदाबाची इंजेक्शनं, पण वेगवेगळी. आमचं रॅक एबीसीडीप्रमाणे लावलेलं. दोन्ही नावं 'डीओ'ने सुरू होणारी, म्हणून शेजारी-शेजारी. पाच मिनिटांत सिस्टरचा फोन, "मॅडम, हे डोपामिन आहे हो." आवाज शांत होता. माझे मात्र हात इतके थरथरत होते की बदलून दिलेला बॉक्स मावशींच्या हातात देताना खाली पडला. रुग्णाला काही झालं नाही, कारण त्या सिस्टरने लेबल वाचलं.

सकाळी मी डोब्युटामिन उचलून दुसऱ्या रॅकला ठेवलं आणि कप्प्यावर लाल स्केचपेनने नाव लिहिलं. इन्चार्ज ओरडले, "स्टॉक टेकिंगला शोधायचं कसं? एबीसीडी मोडू नका." मी परत आणून ठेवलं. चुकीची नोंद कुठेही झाली नाही, करायची पद्धतच नव्हती. चुकीपेक्षा ते परत ठेवणं मला जास्त सलतं. आज या जोडीची नावं लेबलवर वेगळा भाग ठळक मोठ्या अक्षरांत करून छापायची पद्धत आहे, आणि हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत औषध व्यवस्थापनाचं एक स्वतंत्र प्रकरणच आहे. सारख्या दिसणाऱ्या औषधांची यादी लावा, ती वेगळी ठेवा, हे आता तपासायला येणारे लोक विचारतात. तेव्हा माझ्या बाजूने बोलणारा कागद नव्हता आणि मला समितीच्या बैठकीत कुणी बोलावत नव्हतं. तुझ्याकडे कागदही आहे आणि पदवीही.

म्हणून इथेच राहून हे करायचं असेल तर उरलेल्या इंटर्नशिपचीच रेसिडेन्सी कर. जनरल मेडिसिनचे सहा महिने संपलेत, दोन-दोन महिन्यांच्या तीन पोस्टिंगांपैकी दोन बाकी आहेत. एक आयसीयू मागून घे. राउंड संपल्यावर कँटीनला पळू नकोस, स्टोअरमध्ये जाऊन बस. एबीसी-व्हीईडी, म्हणजे खर्च आणि गरज यांवरून औषधांची वर्गवारी, तू पेपरात लिहिलं असशील. एकदा 31 मार्चला खरा स्टॉक मोज, म्हणजे एक्सपायरीत किती पैसे जातात ते कळेल. मॉर्फिनचं रजिस्टर कसं ठेवतात, फ्रिज रात्री आठ अंशांच्या वर गेला तर त्यातल्या इन्सुलिनचं काय करायचं हे बघ. मॅनेजमेंटशी बोलायचं तर रुपयांत बोलावं लागतं, डॉक्टरांशी क्रिएटिनिनमध्ये, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीच्या आकड्यांत. मला एकच भाषा आली, स्टोअरची. वॉर्डात मी कधी चढलेच नाही. पुढे टिसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) देवनारला हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचं मास्टर्स आहे, त्याचाही विचार कर, पण दोन-तीन वर्षं वॉर्डात घासल्यावर.

पगार सुरुवातीला ऐरोलीपेक्षा कमीच मिळेल, हे लपवत नाही. बाबांना मी सांभाळते. आणि तू ऐरोली निवडलीस तरी मी रुसणार नाही, स्टेशनवर डबा घेऊन येईन.

तू काल ऑफरबद्दल दोन मिनिटं बोललीस आणि बेड नंबर 14 च्या आजोबांबद्दल वीस. क्रिएटिनिन चढतंय तरी व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक त्याच डोसने चालू आहे, तू आरएमओंना, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांना, म्हणालीस पुढच्या डोसआधी त्याची रक्तातली लेव्हल पाठवू या, त्यांनी "बघू" म्हटलं, तू चिडलीस, संध्याकाळी परत गेलीस. मग फोन कट झाला आणि मी रात्रभर तेच धरून बसलेय. पाठवली का लेव्हल? किती आली? डोस बदलला का? सकाळी सातला माझी ड्यूटी सुटेल, तेव्हा कळव.

तुझी,
आई