अ‍ॅबर्डीनच्या काकांना, मनापासून

काका, सासऱ्यांच्या पणजोबांचा बाप शोधून दिलात, त्याचे फोनवर नीट आभार मानताच आले नाहीत, मागे सासरे मोठमोठ्याने वाचत होते, म्हणून हे लिहितेय.

माझे सासरे स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनशायरचे. त्यांच्या पणजोबांच्या लग्नाच्या दाखल्यावर आईचं नाव आहे आणि बापाच्या जागी काहीच नाही. १८५५ नंतरचा सरकारी दाखला, म्हणजे एरवी आईबाप दोघांची नावं असायचीच. बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीत शोधावं तर तिथे नोंदच नाही, तेव्हा ती सक्तीची कुठे होती! मग आम्ही पैसे भरून एका कंपनीला काम दिलं. त्यांनी काय केलं, तर शेजारच्या पॅरिशमधला (म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावातला) त्याच आडनावाचा एक जमीनदार उचलून पणजोबांचा बाप म्हणून चिकटवला आणि वर टार्टनची, म्हणजे त्या स्कॉटिश चौकड्यांची, किनार असलेली वंशावळ छापून पाठवली. पुरावा मागितला तर म्हणे 'बहुधा'. अहो, बहुधाचे एवढे पैसे?

तुम्ही मात्र थेट कर्क सेशनच्या मिनिट्समध्ये, म्हणजे बैठकांच्या नोंदवहीत, शिरलात. कर्क सेशन म्हणजे गावातल्या चर्चची पंचायतच, मिनिस्टर म्हणजे पाद्री आणि एल्डर म्हणजे चर्चमधली वडीलधारी मंडळी बसणार आणि लग्नाआधी पोट आलेल्या पोरीला समोर उभं करून बापाचं नाव विचारणार. या वहीचे फोटो ऑनलाइन फुकट बघता येतात, पण नाव टाकून शोधता येत नाहीत, पानामागून पान वाचावं लागतं आणि अक्षर असं की माझे तर पहिल्याच ओळीला डोळे फिरले. तुम्ही मोडी वाचणारे, तुम्हाला त्याचं काय! सापडलीच ती, पणजोबांची आई. तिने शेतावरच्या एका नांगऱ्याचं नाव घेतलं, तो आधी नाही म्हणाला, पुढच्या बैठकीत कबूल झाला. जमीनदार वगैरे कोणी नाही.

पण काका, खरं सांगू का, शोधापेक्षा मला तुमचा तो कागद जास्त भिडला. सासऱ्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही हे मी कधीतरी बोलता बोलता म्हटलं असेन, तुम्ही ते लक्षात ठेवून अख्खं पान जाड काळ्या मार्करने हाताने उतरवून पोस्टाने पाठवलंत. मुळात ओळ जिथे तुटते तिथेच तुमचीही तुटते, म्हणजे फोटो मोठा करून शेजारी ठेवला की ओळीला ओळ लागते. जो शब्द लागला नाही तिथे नुसती टिंबं, अंदाजाने काही भरलेलं नाही. आणि चर्चने त्या मुलीला जे कडक शब्द वापरले ते गाळलेही नाहीत. सासऱ्यांनी बोट ठेवून स्वतः वाचलं, कोणाकडून वाचून घेतलं नाही. या वयात त्यांना असं कोण करू देतं? सगळे आपले त्यांच्या हातातून कागद घेऊन 'मी सांगतो' म्हणतात, मी पण त्यातलीच.

पैशाचं विचारलं तर तुम्ही विषयच बदललात. पोस्टाचा खर्च तरी सांगा हो. अशी माणसं आहेत म्हणून बरं चाललंय, नाहीतर हल्ली साधं ईमेलचं उत्तर द्यायला पण लोकांना जड जातं.

आणि एक आधीच सांगून ठेवते, सासऱ्यांना आता त्या नांगऱ्याचे आईबाप हवेत. तुमचा नंबर त्यांनी माझ्या फोनमधून काढून घेतलाय. रविवारी सकाळी फोन वाजला तर तेच असणार, उचला.

तुमची,
त्या घरची मराठी सून