मागच्या सीटवरचं डोकं

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी इकडे पहिला दमदार पाऊस झाला. तुझे बाबा गॅलरीत उभे राहिले, मोठा श्वास घेतला आणि सवयीनं म्हणाले, "काय वास सुटलाय मातीचा!" आणि एकदम गप्प झाले. आत येऊन उगाच पंखा कमी केला. एकवीस पावसाळे झाले, त्यांचं दर वेळी असंच होतं. "आईला वास येत नाही" एवढंच तुला माहीत आहे. कशानं, ते आम्ही तुला कधी धड सांगितलं नाही. पण मे महिन्यात तू ज्या तावातावानं बोललास, त्यानंतर गप्प राहणं मला बरं वाटेना.

आठवतं ना? फुटाळा तलावावर आइस्क्रीम खायला तुम्ही तिघं बाबांची दुचाकी घेऊन निघालात. तुझी पिल्लू समोर उभी, मधे तू, मागे सूनबाई. तिघांचीही डोकी उघडी, हेल्मेट एकालाही नाही. चौकात अडवलं, फोटो काढला, चलान आलं. घरी आल्या आल्या तू सुरू झालास, "आई, ही नुसती वसुली आहे. आधी खड्डे बुजवा म्हणावं. पंचेचाळीस डिग्रीत डोक्यावर हे भांडं कोण ठेवेल? आणि डोकं माझं आहे, फुटलं तर माझं फुटेल." पिल्लू तुझ्या खांद्यावर झोपली होती, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही.

खड्ड्यांचं तुझं म्हणणं मला मान्य आहे. हेल्मेट घातलं म्हणून खड्डा माफ होत नाही, आणि ज्यांनी रस्ता करायचा त्यांना जाब विचारायलाच हवा. तू विचार, मीही विचारीन. पण "माझं डोकं" हे जे तू म्हणालास, तिथे मी अडले.

२००४ चा डिसेंबर. मानेवाडा रोडवर एका लग्नाचं रिसेप्शन होतं. तू आजीजवळ घरी होतास, चौथीत असशील. परत निघालो तेव्हा साडेदहा वाजले असतील. मी नेहमीसारखी एका बाजूला दोन्ही पाय करून बसलेली, अंगावर मोरपंखी पैठणी, त्यावर शाल, केसात गजरा. बाबांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. ते का होतं, हे नीट वाच. हिंगण्याला त्यांच्या कंपनीच्या गेटवर हेल्मेट नसलं तर गाडी आत घेत नसत. दोनदा परत पाठवलं, तेव्हा त्यांनी ते विकत घेतलं, आणि मग सवयच लागली. घरात हेल्मेट एकच. दुसरं घ्यावं असं त्यांच्या मनात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही. हेल्मेट विचारणाऱ्या कुठल्याच गेटमधून मी आत जात नव्हते.

गाडीचा वेग इतका कमी होता की सायकलवाला पुढे निघून गेला असता. एक कुत्रं आडवं आलं, बाबांनी ब्रेक दाबला, गाडी जरा डगमगली. ते पडलेसुद्धा नाहीत. मी मागच्या मागे सरकले आणि डोक्याची मागची बाजू दुभाजकाच्या कडेवर आदळली. नारळ पायरीवर ठेवताना होतो ना, तेवढाच आवाज. रक्त नाही, काही नाही. बाबा धावत आले, "लागलं तं नाही ना?" मी म्हटलं, नाही. गजरा रस्त्यावर पडला होता, तो उचलला आणि घरी आलो. तुझ्या अंगावर पांघरूण घातल्याचंही मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून उलट्या. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात थोडा रक्तस्राव निघाला. मार मागे, रक्त पुढे, ह्याचं मला नवल वाटलं. मी विज्ञान शिकवणारी बाई, डॉक्टरांना विचारलंच. ते म्हणाले, मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. डोकं थांबतं, पण तो आतल्या आत हिंदकळतो आणि मार बसला त्याच्या उलट्या बाजूलाही आपटतो. नाकाच्या वर चाळणीसारखं एक हाड असतं, त्याच्या भोकांतून वासाच्या नसांचे धागे वर जातात. मेंदू असा हिसकला की ते धागे तुटतात. काहींचा वास परत येतो, काहींचा येत नाही. माझा आला नाही.

दवाखान्यात सहा दिवस होते. तुला सांगितलं होतं, आई मामाकडे अमरावतीला गेली आहे.

आता हे माझं रोजचं आहे. कांदा डोळ्यांना झोंबतो, मिरचीचा खकाणा घशात कळतो, पण फोडणीचा वास नाही. संत्र म्हणजे मला आंबटगोड पाणी, नागपुरात राहून. दूध नासलं की नाही हे शेजारच्या काकूंना विचारावं लागतं. गॅस गळला तर मला कळणार नाही, म्हणून बाबा रोज रात्री स्वतः रेग्युलेटर बंद करतात, एकही रात्र चुकवत नाहीत. पिल्लू झाली तेव्हा तुझ्या मावशीनं तिला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "टाळूचा वास घे गं, असा वास जगात नाही." मी नाक टेकवलं. तिची टाळू कोमट होती. बाकी काही नाही.

ह्यात बाबांचा दोष मी कधी काढला नाही आणि तूही काढू नकोस. कंपनीच्या गेटवर बाबांना विचारणारं कोणीतरी होतं. मला विचारणारं कोणी नव्हतं आणि मी स्वतः होऊन कधी मागितलंच नसतं. गजरा चुरगळतो, अंबाडा बसत नाही, एवढ्याशा अंतराला कशाला, लोक काय म्हणतील, नवऱ्याला उगाच खर्च. आपल्याकडे मागे कोण बसतं बघ. बायको, आई, शाळेतलं पोर. हँडल त्यांच्या हातात नसतं, ब्रेक नसतो, समोरचं दिसत नसतं. म्हणून सक्ती हवी असं मी म्हणते. ज्यानं तोंड उघडलंच नसतं त्याच्या वतीनं कायदा मागतो.

आणि कायद्यानं मागितलेलंही आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९. त्यात चालवणारा आणि मागे बसणारा दोघंही आहेत. सूट पगडी घालणाऱ्या शिखांना. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात चार वर्षांवरची मुलंही स्पष्ट लिहिली, आणि हजार रुपये दंड व तीन महिने लायसन बंद अशी शिक्षा ठेवली. पिल्लू पाच वर्षांची आहे. म्हणजे त्या दिवशी चौकात तुमच्या गाडीवर तीन हेल्मेटं हवी होती. पण आपल्याकडे वर्षानुवर्षं पकडलं ते फक्त चालवणाऱ्याला, म्हणून घरोघरी हेल्मेट एकच. २०२४ च्या अखेरीस राज्यात मागे बसणाऱ्यांवरही कारवाई करायचं ठरलं तेव्हा केवढी ओरड झाली! अर्धा कायदा पाळायची सवय लागली की उरलेला अर्धा जुलूम वाटतो.

आपल्याच नागपूरच्या खासदारांकडे केंद्रातलं रस्त्यांचं खातं आहे. त्या खात्याचा २०२२ चा अहवाल सांगतो की त्या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं दुचाकीच्या अपघातात दगावली. त्यातली ३५,६९२ चालवणारी आणि १४,३३७ मागे बसलेली. घातलं असतं तर सगळी वाचली असती असं हा आकडा म्हणत नाही, आणि तसं कोणी म्हणालं तर तू जरूर टोक. पण २००८ साली जगभरातल्या ६१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात हेल्मेटमुळे मरण्याचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. त्या चौदा हजारांमधल्या किती जणांनी आपलं आपण ठरवून डोकं उघडं ठेवलं असेल?

स्वातंत्र्याचं तू बोललास. अमेरिकेत हा वाद फार जुना आहे. फ्लोरिडा राज्यानं २००० साली मुभा दिली की एकवीस वर्षांवरच्या माणसाकडे दहा हजार डॉलरचा वैद्यकीय विमा असेल तर त्यानं हेल्मेट नाही घातलं तरी चालेल. म्हणजे तिथेही त्यांना कळलं होतं की फुटलेल्या डोक्याचा खर्च त्या एकट्या माणसावर पडत नाही. माझ्या त्या सहा दिवसांसाठी बाबांनी पीएफमधून पैसे काढले. तुझी सायकल त्या वर्षी आली नाही, पुढच्या वर्षी आली. तू रुसला होतास.

उन्हाचं म्हणशील तर मी हे ऊन साठ वर्षं सोसते आहे, मला ते क्षुल्लक वाटत नाही. दुपारी बर्डीच्या बाजारात थांबलं तर डांबर चपलेला चिकटतं. पण व्हिएतनाम काही थंड देश नाही, आणि दुचाकी तिथे आपल्यासारखीच घरोघरी. १५ डिसेंबर २००७ ला तिथे सगळ्या रस्त्यांवर सक्ती झाली, आणि मोठी माणसं बघता बघता दहातली नऊ हेल्मेटात दिसू लागली. लहान मुलं मात्र पुष्कळ दिवस उघडीच राहिली, कारण हेल्मेटच्या वजनानं पोरांची मान दुखावते असा समज पसरला होता. आईबापांनी स्वतःचं डोकं झाकलं आणि पोराचं तसंच ठेवलं. हे वाचलं तेव्हा मला समोर उभी असलेली पिल्लू दिसली.

उन्हासाठी डोक्याला बांधतोस तो दुपट्टा सोड म्हणणारी मी नाही. सुती, पातळ, ओला करून पिळलेला दुपट्टा आत बांध आणि वर हेल्मेट घाल. जाड गुंडाळलास तर हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टा सैल राहतो. माप दुपट्ट्यासकट बघून घे. आणि रस्त्याच्या कडेला झाडाखाली दोरीवर टांगलेली दोनशे रुपयांची टोपली घेऊ नकोस. हेल्मेटचं खरं काम आतला थर्माकोलसारखा थर करतो. आपटल्यावर तो दबतो, चुरतो, आणि मेंदूला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. त्या टोपल्यांत तो थर नसतोच, नुसता स्पंज असतो. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी ती विकली जातात. वसुलीचा राग काढायचाच असेल तर इथे काढ. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेटही परत वापरायचं नाही, वरून धड दिसलं तरी.

सूनबाईला मी ह्यातलं काही बोलले नाही. ती स्वतः गाडी चालवते तेव्हा हेल्मेट घालते, मी बघितलं आहे. तुझ्या मागे बसते तेव्हा घालत नाही. ती मागणार नाही, मीही मागितलं नव्हतं. तू आणून तिच्या हातात दे.

पिल्लूचं मी घेतलं आहे. मे महिन्यात ती दुपारी झोपलेली असताना माझ्या शिवणाच्या टेपनं तिचं डोकं मोजून ठेवलं होतं, भुवईच्या वरून फिरवून, एकावन्न सेंटिमीटर. बर्डीवर चार दुकानं फिरल्यावर मापाचं मिळालं. रंग पिवळा आहे, तिला लाल हवा होता, पण लाल सैल होत होतं. शनिवारी ट्रॅव्हल्सनं पाठवते. सोबत अंबाडीच्या पाल्याचा ठेचा आहे. तिखट-मीठ मी जिभेवर बघितलं आहे, वास तेवढा बाबांनी बघितला.

हेल्मेटचं बकल नवं आहे, जरा कडक आहे. लावताना तिच्या हनुवटीखाली आधी तुझी दोन बोटं घाल, नाहीतर कातडी चिमटते.

तुझी,
आई