साक्षीची जोखीम

‘साक्ष : श्रद्धेची आणि कायद्याची’ हा लेख (रविवार पुरवणी) वाचला. न्यायालयातील साक्ष पुराव्याची आणि बायबलमधील साक्ष निव्वळ श्रद्धेची, ही लेखातील विभागणी पटली नाही.

बायबलच्या जुन्या करारातील मोशेच्या नियमशास्त्रात साक्ष ही न्यायनिवाड्याचीच बाब आहे. त्यातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 19:15 या वचनानुसार एकाच्या साक्षीवर कोणाला दोषी धरता येत नाही, दोन किंवा तीन साक्षीदार लागतात. मृत्युदंडाच्या वेळी पहिला दगड साक्षीदारानेच मारायचा (17:7). म्हणजे बोट दाखवून बाजूला होण्याची सोय नाही. साक्ष खोटी ठरली, तर आरोपीसाठी योजलेली शिक्षा साक्षीदारालाच. ‘जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा’ या येशूच्या वचनामागेही हा नियम आहे. एरवी आपण ते केवळ सुभाषितासारखे वापरतो.

आपल्या कायद्याने साक्षीदारांच्या संख्येची अट ठेवली नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 134 तसे स्पष्ट सांगत होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तीच भूमिका कायम आहे. पण खोट्या साक्षीमुळे निरपराध व्यक्ती फाशी गेली, तर ती साक्ष देणाऱ्यालाही मृत्युदंड देता येतो, ही तरतूद भारतीय दंड संहितेत होती आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. तिची जातकुळी अनुवादाच्या त्या नियमाशी जुळते. लेखात याचा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले.

– एक वाचक, वसई