ओला सूट आणि कुत्र्याचे टाके

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नसबंदी किंवा पोटाची दुसरी एखादी शस्त्रक्रिया झाली की कुत्र्याने टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा कोन अडकवण्याऐवजी अंगात जखम झाकणारा कापडी रिकव्हरी सूट घालायची पद्धत मुंबईत बऱ्यापैकी रुळली आहे. छोट्या घरात कोन घेऊन कपाटावर, दारावर आपटत फिरणाऱ्या कुत्र्याला सूट सुखाचाच. मात्र एकदा चढवला की टाके काढेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, आत डोकवायलाच नको असं अनेकांना वाटतं. पावसाळ्यात हे चांगलंच अंगाशी येतं.

ओलं कापड टाक्यांना चिकटून राहिलं की कातडी पांढरट, मऊ पडते आणि जंतूंचं फावतं. कुत्रा कापडावरूनही चाटतो, लघवीने मागची बाजू भिजते. पण सगळ्यात वाईट ते रस्त्यावरचं पाणी. बुटक्या कुत्र्याचा सूट डबक्यातून गेला की तेच पाणी थेट जखमेवर बसतं, आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे) जंतू उघड्या जखमेतूनही शिरतात. म्हणून पट्टा आखूड ठेवावा, पाच मिनिटांत काम उरकून परत आणावं, आणि सूट दमट लागला तरी लगेच बदलावा.

त्यासाठी सूट दोन हवेत, पावसाळ्यात तीन. सौम्य साबणाने धुवावा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावा. फिनाइल, सुवासिक कंडिशनर नको. घरातल्या दोरीवर सूट वरून कोरडा लागतो, पण जांघेची दुहेरी शिवण आणि इलॅस्टिकची पट्टी आतून ओलीच असते. ती बोटांनी चिमटीत धरून बघावी. शिवणीवरून इस्त्री फिरवली की काम होतं.

माप वजनावरून घेऊ नये. दहा किलोचा डॅशहुंड आणि दहा किलोचा पग यांच्या पाठी सारख्या नसतात. मानेच्या बुंध्यापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत पाठ मोजावी, मग पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर. कापडाखाली दोन बोटं सहज जायला हवीत. घट्ट सूट काखेत लाल वळ उठवतो; ढगळ असला तर कुत्रा त्यात मागचा पाय अडकवतो किंवा कापड गोळा करून खालून तोंड घालतो.

विकतचा सूट परवडत नसेल तर जुना सुती टी-शर्ट चालतो. पुढची बाजू कुत्र्याच्या पाठीवर येईल असा उलटा घालावा, पुढचे पाय बाह्यांतून काढावेत, आणि उरलेलं कापड कमरेवर गोळा करून केसांच्या रबराने बांधावं. गाठ पाठीवर, पोटाखाली कधीच नाही. सेफ्टी पिनही नको. नराच्या नसबंदीला हा जुगाड कुचकामी, कारण जखम टी-शर्टच्या मागे उघडीच राहते. पायाच्या किंवा तोंडाच्या जखमेला, आणि कापड कुरतडून खाणाऱ्या कुत्र्याला कोनच हवा.

बाहेर नेताना सूटची मागची बटणं घराच्या दारातच सोडून कापड पाठीवर दुमडावं. खाली उतरल्यावर सोडू म्हणाल, तर नर पहिल्या स्कूटरच्या चाकाशीच पाय वर करतो.

सकाळी आणि रात्री सूट काढून जखम बघावी, रोज एकाच जागी फोटो काढावा. कडा जुळलेल्या, थोडी लाली, किंचित सूज हे ठीक. सूज वाढत असेल, पू, वास किंवा रक्त दिसलं, कडा फाकल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. हळद, बोरिक पावडर, स्पिरिट यांपैकी काही मनाने लावू नये. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर वाढणारं चाटणं पुष्कळदा टाक्यांमुळे नसतं. भादरलेल्या जागी केसांचे खुंट येतात, त्यांची खाज असते. त्या काळात सूट सैल सोडू नये.

पहिल्यांदा सूट घातल्यावर काही कुत्री पुतळ्यासारखी उभी राहतात. त्याला दुखणं समजून लगेच काढू नका. शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी रोज अर्धा तास घालून, वर एखादा खाऊ दिला की ही अडचण येतच नाही. उकाड्यात पंखा लावावा, लादीवर बसू द्यावं. गार वाटावं म्हणून सूट भिजवू नये.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना नसबंदीनंतर प्रेमापोटी सूट घालणाऱ्यांना मात्र विनंती की घालू नका. तिथे तो दिवसातून दोनदा काढणार कोण? पहिल्याच सरीत भिजतो, गाडीखाली अडकतो, दुसरी कुत्री ओढतात. त्यांना जखम धरेपर्यंत नसबंदी केंद्रातच ठेवून घ्यायला सांगणं जास्त उपयोगाचं.

शेवटी दवाखान्यांसाठी एक मागणी. घरी सोडताना हातात पडणारा कागद बहुतेक इंग्रजीत असतो. दिवसभर कुत्र्यापाशी असतात घरातली आजी किंवा कामाच्या ताई. सूट केव्हा काढायचा, काय दिसलं तर फोन करायचा आणि कोणत्या नंबरावर, एवढ्या चार ओळी त्याच कागदावर मराठीत, ठळक अक्षरांत छापाव्यात.

आपले,
दोन पशुवैद्यकीय सहायक, परळ, मुंबई